आप्तांची घरे आणि जुने वाडे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील मनुष्य दोन प्रकारच्या घरांकडे निघतो. एक आप्तांची घरे: आजोळ, मावशीचे घर, बहिणीचे सासर. दुसरी इतिहासप्रसिद्ध घरे: कोणा पुढाऱ्याचे जन्मस्थान, कोणा मुत्सद्द्याचा वाडा, कोणा राजाचा महाल. पहिल्या घरी तो जेवतो, निजतो, आंबे खातो आणि ज्या वास्तूत हे सारे चालले आहे तिच्याकडे क्वचितच मान वर करून पाहतो. दुसऱ्या घरी तो तुळया, खिडक्या आणि झुंबरे डोळे भरून पाहतो. परंतु येथे स्वयंपाक कोठे होत असे आणि आज येथला केर कोण काढतो, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. दोन्ही घरे एकाच प्रवासात पाहिली तर हा दोष आपोआप कमी होतो, आणि जुने घर टिकते कशाने व पडते कशाने, हेही हळूहळू उमगू लागते.

उदाहरणादाखल माणिकपूरचे एक दांपत्य कल्पावे. माणिकपूर हे वसई तालुक्यातील जुने गाव. तेथील नगरपालिका २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिकेत विलीन झाली आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा सारा मुलूख पालघर जिल्ह्यात गेला. वसई रोड स्थानकाबाहेर पाऊल टाकताच आज दुकाने आणि उंच इमारती यांची दाटी लागते. तथापि येथील सेंट मायकलचे चर्च १६०६ सालापासूनचे आहे, आणि आडगल्लीत शिरले असता एखादे कौलारू घर, पुढची ओटी, मागची विहीर आणि विहिरीवर वाकलेला माड अजूनही दृष्टीस पडतो. कल्पनेतील या दांपत्याचे घर याच जातीचे. ते पाच भावंडांच्या सामाईक मालकीचे आहे. धाकट्या दोघांचे म्हणणे, घर पाडून इमारत उभारावी आणि प्रत्येकाने आपला हिस्सा सदनिकेच्या रूपाने घ्यावा. थोरल्या भावास ते मानवत नाही. परंतु मानवत नाही म्हणजे नेमके काय करावयाचे, हेही त्यास सांगता येत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्वांनी एकत्र बसावयाचे ठरले आहे. या भावंडांपैकी मधला भाऊ व त्याची पत्नी मे महिन्यात प्रवासास निघतात, ते मनात हा प्रश्न घेऊनच.

त्यांचा मार्ग नात्यांनी आखून दिलेला आहे. पतीची आत्या रत्नागिरीस स्थायिक झालेली. पत्नीचे माहेर गोव्यात सासष्टीत. तिची थोरली बहीण साताऱ्यास. सामानात वसईच्या सुकेळ्यांचे पुडे आहेत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेला हा पदार्थ प्रवासात नासत नाही आणि कोणत्याही घरी रिकाम्या हाताने जाण्याची वेळ येऊ देत नाही.

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यांनी वसईच्या किल्ल्यात घालवली तर ती वाया जात नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून हा प्रदेश पोर्तुगीजांना मिळाला आणि पुढे दोनशे वर्षे वसई हे त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे होते. तटाच्या आत केवळ सैन्य नव्हते. चर्चे, मठ, रस्ते आणि घरंदाज पोर्तुगीज कुटुंबांचे टोलेजंग वाडे असे ते एक नगरच होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ते जिंकले. पोर्तुगीज कुटुंबे किल्ला सोडून गेली. चर्चच्या भिंती जाड असल्यामुळे त्यांचे सांगाडे तरी उभे राहिले. राहत्या घरांची छपरे पडली, लाकूड गेले, आणि आता वेलींनी वेढलेल्या भिंतींत खिडक्यांच्या जागी केवळ चौकटी दिसतात. जिंकणाऱ्याला किल्ला हवा होता, देऊळ हवे होते, दारूगोळा हवा होता. दुसऱ्याच्या माजघराशी त्याचे काहीच काम नव्हते. घर पडावयास तोफ लागत नाही. त्यात राहणारे निघून गेले आणि दुसऱ्या कोणास त्याचे काम उरले नाही, एवढे पुरते.

वसई रोडहून पनवेलमार्गे कोकण रेल्वेने रत्नागिरी गाठता येते. हा लोहमार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला, आणि पूर्वी बोटीने किंवा घाटातील मोटारीने व्हावयाचा हा प्रवास एका दिवसाच्या आत आला. आत्याच्या घरी आंबे, फणसाचे गरे आणि नात्यातील चौकश्या यांत पहिला दिवस जाणारच, आणि तो जाऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म येथे २३ जुलै १८५६ रोजी झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक; १८६६ मध्ये त्यांची पुण्यास बदली झाली आणि कुटुंब रत्नागिरी सोडून गेले. म्हणजे या घरात लोकमान्यांचे फक्त बाळपण गेले. घर साधे, उतरत्या कौलारू छपराचे, कोकणातील शेकडो घरांसारखे. त्याच्यासारखी इतर घरे पडली आणि हे राहिले, याचे कारण त्याच्या लाकडात किंवा चिऱ्यात शोधून सापडणार नाही. एका जन्माने त्यास काम दिले. शासनाने ते संरक्षित केले. आज कोकणातील मध्यमवर्गीय घर कसे असे, हे ज्यास पाहावयाचे असेल त्यास टिळकांविषयी कुतूहल नसले तरी येथे यावेच लागेल.

दुपारच्या उन्हानंतर थिबा राजवाडा. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचे राज्य घेतले आणि राजा थिबा यास पदच्युत करून पुढच्याच वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला हा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, म्हणजे राजास चोवीस वर्षे वाट पाहावी लागली. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. १९१९ मध्ये राणी व मुली यांस मायदेशी जाऊ दिले. पण थोरल्या राजकन्येने रत्नागिरीतच एका मराठी माणसाशी संसार मांडला होता; ती परत आली, आणि तिचा वंश कोकणी कुटुंबांत मिसळून गेला. राजवाडा आज सरकारी आहे, त्यात संग्रहालय आहे, समुद्राचा वारा उंच गच्च्यांतून खेळतो. तरी दिवाणखान्यातून फिरताना एक प्रकारचा रितेपणा जाणवतो. ज्यांच्यासाठी तो बांधला, त्यांचे तेथे मन कधी रमले नाही, आणि ज्या वंशाने रत्नागिरी आपली मानली तो या वास्तूत वाढला नाही. आत्याच्या दोन खोल्यांच्या घरी परतल्यावर या गोष्टीचा अर्थ अधिक कळतो. तेथे भिंतीवर माणिकपूरच्या घराचे जुने छायाचित्र टांगलेले असते, आणि ओटीवर बसलेले कोण कोण आहे, हे आत्या बोट ठेवून सांगते. यांपैकी दोन माणसांची नावे भाच्यास ठाऊक नसतात. ती तेथल्या तेथे लिहून घेतलेली बरी.

सासष्टीत मात्र आठ दिवस कमी पडतात. गोव्याची जुनी घरे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रवेशद्वारी बाके असलेला सज्जा, त्यावर संध्याकाळी बसून रस्त्यावरील जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलणारी मंडळी. खिडक्यांच्या तावदानांत काचेऐवजी घासून पातळ केलेल्या शिंपल्यांच्या चकत्या, ज्यांतून उजेड येतो पण डोळे दिपत नाहीत. आणि मागे धुराने काळवंडलेले विशाल स्वयंपाकघर. पुढील दालने युरोपातील वाटावीत, आणि स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा, रगडा व मातीची भांडी पाहून आपण कोठे आहोत याची आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे.

मडगावच्या पूर्वेस चांदर हे गाव. कदंब राजांच्या काळी हेच चंद्रपूर, त्यांची राजधानी. तेथे चर्चच्या समोर ब्रागांझा घराण्याचे घर आहे. रस्त्याच्या बाजूस खिडक्यांची एक सलग रांग. प्रथम पाहणाऱ्यास ती एखादी कचेरी वाटावी. प्रसिद्ध पत्रकार व विचारवंत लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) याच घराण्यातील. पोर्तुगीज राजवटीत राहून तिच्यावर टीका करण्याचे धैर्य ज्या थोड्या लोकांनी दाखवले त्यांत त्यांची गणना होते. माणिकपूरच्या दांपत्यास मात्र या घरात दुसरीच गोष्ट विशेष वाटेल. हे घर वाटले गेलेले आहे. घराण्याच्या दोन शाखांना ते वारशाने आले. पश्चिमेकडील अर्धे मिनेझिस ब्रागांझांचे, पूर्वेकडील अर्धे ब्रागांझा परेरांचे. दरवाजा एक, जिना एक. वर गेल्यावर उजवीकडे एक संसार, डावीकडे दुसरा. एका बाजूस मोठा ग्रंथसंग्रह, दुसऱ्या बाजूस खाजगी प्रार्थनामंदिर. प्रत्येक शाखा आपली बाजू पाहुण्यांस दाखवते आणि प्रत्येक बाजूस देणगीची निराळी पेटी आहे. ती पेटी टाळून पुढे जाणारे प्रेक्षक असतात, हे खेदाने नमूद केले पाहिजे. एवढ्या छपराची कौले दरवर्षी कोणाच्या पैशाने शाकारली जातात, हा विचार त्यांनी केलेला नसतो.

गोव्यात घरे वाटली जाण्याचे कारण कायद्यात आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा तेथे १८७० पासून लागू झाला आणि त्याची वारसाविषयक तत्त्वे गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आजही कायम आहेत. पुत्र असो वा कन्या, अपत्यांचा हक्क समान. आणि अपत्ये असताना मालकास आपल्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक भागाची विल्हेवाट मृत्युपत्राने मनास येईल तशी लावता येत नाही. न्यायाच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. कन्येस हक्काने वाटा देणारा कायदा इतक्या लवकर फार थोड्या ठिकाणी होता. परंतु घराच्या दृष्टीने पाहिले तर तिसऱ्या पिढीत एकाच वास्तूचे वीस-पंचवीस मालक होतात, त्यांतील निम्मे मुंबईस किंवा परदेशी असतात, आणि कौल बदलावयाचे झाले तरी संमती कोणाची घ्यावी हेच कळत नाही. मडगावचे डा सिल्वा घराण्याचे घर १७९० च्या सुमारास बांधले, तेव्हा त्याच्या छपराला ओळीने सात उंच शिखरे होती. आज त्यांतील तीनच उरली आहेत. चांदरचे अखंड राहिले, कारण दोन्ही शाखांनी भिंत वाटून घेतली आणि जिना वाटून घेतला नाही.

आणखी एक घर पत्नीच्या माहेराहून सहज पाहण्याजोगे आहे. केपे येथे कुशावती नदीच्या काठी डीन जुझे पाउलो द आल्मेदा या धर्माधिकाऱ्याने १७८७ मध्ये बांधलेला प्रासाद कालांतराने अगदी हलाखीस आला होता. या शतकाच्या आरंभी एका गोमंतकीय दांपत्याने तो हाती घेतला, कित्येक वर्षे खपून दुरुस्त केला आणि बाग पुन्हा लावली. ते स्वतः तेथे राहतात, आगाऊ कळवले असता पाहुण्यांस घर दाखवतात आणि जेवूही घालतात. घराशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. मूळ वंश संपला म्हणजे घर संपले, असा सर्वसाधारण समज आहे. केप्याचे घर त्यास अपवाद म्हणून लक्षात ठेवावे.

येथे पाहुण्याच्या रीतीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. सरकारी संग्रहालयात वेळ व दर पाटीवर लिहिलेले असतात. कुटुंब राहत असलेल्या घरात तसे नसते. तेथे दुपारी एक ते तीन या वेळात दार ठोठावू नये. छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये. ज्या खोलीचे दार लोटलेले आहे ते ढकलू नये. आणि घर दाखवणाऱ्या वृद्ध बाईंनी सांगितलेली हकीकत पुस्तकाशी जुळली नाही तरी तेथे वाद घालू नये. तिच्या आजीने तिला तसे सांगितले होते, हीदेखील एक माहितीच आहे.

परतीचा मार्ग घाटावरून. मडगावहून गाडी दूधसागराजवळून डोंगर चढते आणि लोंढा, बेळगाव, मिरज करीत साताऱ्यास येते. बहिणीकडे दोन दिवस राहून, तिला बरोबर घेऊनच वाईस जावे. वाईपासून जवळच कृष्णेच्या काठी मेणवली. हे गाव १७६८ मध्ये नाना फडणवीसांस मिळाले आणि तेथे त्यांनी वाडा, घाट व देवळे बांधविली. वाड्याला बाहेरून तटासारखी भिंत आणि आत एकामागून एक सहा चौक आहेत. लाकडी खांब, मातीच्या जाड भिंती, आणि काही दालनांत भिंतींवर रंगवलेली चित्रे. पुण्यास राज्याचा कारभार चालवणारा मनुष्य विसाव्यासाठी कसले घर बांधतो, हे येथे दिसते: बाहेरून संशयी आणि आतून शांत. नाना १८०० मध्ये वारले. त्यांच्या मागे औरस पुत्र नव्हता. पत्नी जिऊबाई पुढे दीर्घकाळ याच वाड्यात राहिल्या आणि दत्तक वंशाकडे तो आला. पेशवाईच्या इतिहासास आधारभूत ठरलेले कागद, ज्यांस मेणवली दप्तर म्हणतात, ते या वाड्यात जपले गेले होते. कागद होते म्हणून वाड्यास कोणीतरी राखणारा लागला, आणि राखणारा होता म्हणून कागद राहिले.

वाड्यामागील चंद्रकोरीसारख्या घाटाच्या पायऱ्या उतरताना मेणेश्वराच्या देवळापाशी एका लहानशा बांधणीत एक मोठी घंटा टांगलेली दिसते. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे आणि बाळ येशूस कडेवर घेतलेल्या मरियेची मूर्ती उठवलेली आहे. ही घंटा वसईची. १७३९ च्या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठी सैन्याने आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांस अर्पण झाल्या. भीमाशंकरास आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही अशा घंटा आहेत. वसईच्या दांपत्यास साताऱ्याकडील एका गावी, शिवाच्या देवळापुढे, आपल्याच गावची ही वस्तू भेटावी, यात पराभवाची खंत वाटावी की घंटा अजून वाजते याचे समाधान, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की किल्ल्यातील ज्या वास्तूत ती लटकत होती ती पडली, आणि दुसऱ्या दैवताच्या सेवेत लागलेली घंटा टिकली.

पुण्यास थांबावयास वेळ असला तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत डोकावावे. चिमाजी अप्पांच्या थोरल्या बंधूंचा, पहिल्या बाजीरावांचा हा वाडा १७३२ मध्ये राहता झाला. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या. तट आणि जोती उरली. वसईच्या किल्ल्यातील घरांची आणि वसई जिंकणाऱ्यांच्या घराची अवस्था आज फारशी निराळी नाही.

जूनच्या आरंभी दोघे माणिकपुरास परत येतात. भावंडांच्या बैठकीत भावनेला भर येणारच. परंतु प्रवासात पाहिलेल्या घरांमुळे बोलणे थोडे नेमके होऊ शकते. पहिला प्रश्न हिश्शांचा. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेस एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली यांस समसमान मिळते. पाच भावंडांत दोन बहिणी असतील, तर त्यांस बोलावल्यावाचून बैठक बैठकच नव्हे. गावोगावी ही चूक होते, आणि मग वीस वर्षे दावा चालतो. दुसरा प्रश्न, एखाद्याने आपला हिस्सा बाहेरच्यास विकला तर? १८९३ च्या वाटप कायद्यात यासाठी एक तरतूद आहे. कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याने वाटपाचा दावा लावला, तर कुटुंबातील भागीदारास तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीस स्वतः घेण्याची मागणी करता येते. थोरल्या भावास ही गोष्ट ठाऊक नसण्याचाच संभव अधिक.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: घर ठेवावयाचे तर कशासाठी? टिळक आळीतील घराप्रमाणे त्यात कोणी पुढारी जन्मला नाही, मेणवलीसारखे दप्तर नाही. धाकट्या भावांचे म्हणणेही खोटे नाही. मुलांची लग्ने व्हावयाची आहेत आणि गळक्या छपराखाली कोणी सून आणीत नाही. उत्तर कदाचित अर्ध्यावर सापडेल: मागील वाडीच्या जागेत बांधकाम आणि पुढील घर तसेच, किंवा चांदरप्रमाणे दोघांचे दोन संसार आणि ओटी सामाईक, किंवा एकाने घर घ्यावे आणि इतरांस पैशाने फेडावे. काहीच जमले नाही तर निदान पाडण्यापूर्वी घराचा नकाशा मापून काढावा, प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावी, माळ्यावरील पेटीतील कागद वेगळे काढावे, आणि आत्याने सांगितलेली दोन नावे जुन्या छायाचित्राच्या पाठीवर लिहावी.

निर्णय एका बैठकीत होत नाही. मृग नक्षत्र मात्र कोणासाठी थांबत नाही. तेव्हा बोलणे पुढच्या रविवारवर टाकून थोरला भाऊ शाकारणी करणाऱ्यास बोलावणे धाडतो, आणि धाकटा, घर पाडण्याच्या मताचा असूनही, फुटक्या कौलांच्या जागी नवी किती लागतील हे मोजण्यासाठी शिडी लावून वर चढतो.